एकतीस हजार आकडे, सहा चिन्हं

चेन्नईच्या सेंट्रल स्टेशनजवळ व्हिक्टोरिया पब्लिक हॉलची लाल विटांची इमारत आहे. १० मार्च १९०७ रोजी तिथे सेय्कु तंबी पावलर यांनी शतावधान करून दाखवलं. पावलर हे नागरकोइलजवळच्या इडलाकुडीचे मुस्लिम तमिळ कवी. अवधानात पृच्छक चहूबाजूंनी प्रश्न टाकतात. कुणी श्लोकाची समस्या देतो, कुणी गणित, मधेच घंटेचे ठोके पडतात. अवधानी सगळं मनात धरतो आणि शेवटी एकेक उलगडून दाखवतो. कागद नाही, पाटी नाही. हातातलं काम संपेपर्यंत लागेल तेवढं मनात धरून ठेवायचं, याला मानसशास्त्र कार्यरत स्मृती म्हणतं. तिची याहून कठोर जाहीर परीक्षा मला माहीत नाही.

अशा सभेतून बाहेर पडणारा माणूस मात्र एक जास्तीचा निष्कर्ष सोबत नेतो: एवढा सराव झालेली बुद्धी कुठेही चालेल. आपल्याकडची पावकी-निमकीही थोडीफार याच भरवशावर घोकून घेतली गेली. हा भरवसा थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ सालीच अमेरिकेत तपासला होता. चौकोनांचं क्षेत्रफळ नजरेने सांगण्याचा सराव दिला, तर ते कसब वेगळ्या आकृत्यांकडे फार थोडं सरकलं.

पुढचा मोठा पुरावा मद्रासमध्ये जन्मलेल्या माणसाकडून आला. राजन महादेवन मंगळूरला वाढले आणि १९८१च्या जुलैत त्यांनी तिथेच पाय या संख्येची ३१,८११ दशांश स्थळं तोंडपाठ म्हणून दाखवली. मग ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सासच्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना वर्षानुवर्षं तपासलं. एकदा ऐकून साधारण माणूस सातेक आकडे परत म्हणतो. राजन पंधरा म्हणत. ही जन्मजात देणगी की सराव, यावर संशोधकांत मतभेद झाले. तेव्हा अँडर्स एरिक्सन यांच्या गटाने आकड्यांच्या जागी उद्गारवाचक, टक्का अशी चिन्हं ठेवली. राजन सहाच्या आसपास थांबले, तुमच्या-माझ्यासारखे! वस्तूंची चित्रं कुठे आणि कोणत्या दिशेला होती, हे आठवण्यातही ते मागेच पडले.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतरही तीच आशा संगणकावर परत आली. २००८ साली सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की काही दिवस रोज दोन मालिका एकाच वेळी लक्षात ठेवण्याचा खेळ खेळल्यास नवं कोडं सोडवण्याची बुद्धीच वाढते. त्यांच्या तुलनेच्या गटाला मात्र कोणताच सराव नव्हता. २०१३ साली थॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी तुलनेच्या एका गटालाही वेगळा सराव दिला. लोक त्या खेळात तरबेज झाले, बुद्धीच्या चाचण्या होत्या तिथेच राहिल्या.

स्मरणशक्तीच्या शिकवण्यांच्या पाट्या आज चेन्नईत दिसतात, तशा पुण्यातही. मूल भराभर मणी सरकवून उत्तर सांगतं, ते खरंच असतं. फी मात्र त्यासाठी भरलेली नसते. ती भरलेली असते विज्ञानाच्या, भाषेच्या, पुढच्या सगळ्या गुणांसाठी. अवधानी तरी आपल्या कलेचं असं काही आश्वासन देत नसत. ते अवधान अवधानासाठी करत, आणि श्रोते त्यासाठीच जमत.