लघवीच्या एका नमुन्यापासून गुणसूत्रांच्या नकाशापर्यंत

१८४५ च्या अखेरीस लंडनमधील एका किराणा व्यापाऱ्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ डॉक्टरांकडे आला. नायट्रिक आम्ल घातले की त्यात साका धरे, तापवल्यावर तो विरघळे आणि थंड होताच पुन्हा प्रकटे. रुग्ण १ जानेवारी १८४६ रोजी दगावला. प्रथिनाला नाव मिळाले ते डॉक्टरांचे.

मानवी प्रतिपिंडांच्या जनुकांचा शोध या नमुन्यापर्यंत मागे नेता येतो.

प्रतिपिंड म्हणजे रोगजंतूला ओळखून चिकटणारे प्रथिन. त्याच्या मूळ घटकात दोन जड व दोन हलक्या साखळ्या असतात. निरोगी रक्तात प्रतिपिंडांच्या असंख्य तऱ्हा मिसळलेल्या असल्याने एकच तऱ्हा निवडून अभ्यासणे दुरापास्त होते. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात मात्र एकाच पेशीचा वंश बेसुमार वाढतो आणि एकच प्रथिन विपुल निर्माण होते. १९६२ मध्ये एडेलमन व गॅली यांनी दाखवले की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे सुट्या हलक्या साखळ्याच. त्यांचे कप्पा व लॅम्डा हे दोन प्रकार कोर्नगोल्ड व लिपारी या संशोधकांच्या आद्याक्षरांवरून ओळखले जातात.

१९६५ मध्ये हिल्शमान व क्रेग यांनी वेगवेगळ्या रुग्णांच्या साखळ्या ताडून पाहिल्या. प्रत्येकीत सुमारे २१४ अमिनो आम्ले. अर्धा भाग बदलता, उरलेला अर्धा जवळजवळ तोच. त्या प्रथिनांची नावे होती ‘रॉय’ आणि ‘कम’, म्हणजे रुग्णांच्या नावांचे अवशेष. या शोधाच्या दफ्तरात रुग्ण उरले ते एवढेच!

एकाच साखळीत असे दोन स्वभाव कसे? ड्रायर व बेनेट यांनी त्याच वर्षी धाडसी उत्तर सुचवले : साखळी एक, जनुके दोन. १९७६ मध्ये बाझेल येथे होझुमी व तोनेगावा यांनी उंदरांत त्याचा पुरावा दिला. भ्रूणात दूर असलेले डीएनएचे तुकडे मायलोमा पेशीत जवळ आलेले होते.

माणसात ही जनुके नेमकी कोठे? मानव व उंदीर यांच्या पेशींचा संकर केला, की त्यातील मानवी गुणसूत्रे हळूहळू गळत जातात. कोणते गुणसूत्र गेले की जनुकही जाते, हे पाहत संशोधकांनी १९८१ मध्ये लॅम्डा २२ व्या गुणसूत्रावर नोंदवले. पुढल्याच वर्षी कप्पाचे स्थान दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ठरले.

इथे एक जुने कोडे उलगडले. डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातील मुलांच्या जबड्यांतील ज्या गाठींचे वर्णन केले होते, त्या कर्करोगाच्या काही रुग्णांत आठव्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या किंवा बाविसाव्या गुणसूत्राशी अदलाबदल झालेला दिसे. हीच दोन का? कारण हलक्या साखळ्यांची जनुके तेथेच होती. अदलाबदलीत ती आठव्यावरील ‘मिक’ या पेशीवाढीच्या जनुकाच्या शेजारी येतात आणि ते अनिर्बंध होते.

पुढचे काम चिकाटीचे. म्युनिकमध्ये हान्स झाखाऊ यांच्या गटाने अनेक वर्षे खपून कप्पाचा प्रदेश आखला : ७६ बदलती जनुके, त्यांतील पुष्कळ निकामी, आणि बहुतेक सारी दोन जवळपास जुळ्या पट्ट्यांत मांडलेली. चिंपांझीत पाहिले, तर तेथे एकच पट्टा होता.