करणी, जादूटोणा आणि इस्लाम : कुराण काय सांगतं, कायदा काय सांगतो?

धाराशिव जिल्ह्यात करणी आणि भानामती हे शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. घरात आजारपण हटत नसेल, धंदा बसला असेल, तर 'कुणीतरी काहीतरी केलंय' अशी शंका हिंदू घरात येते तशी मुस्लिम घरातही येते. मग कुणी दर्ग्यात जातं, कुणी ताईत बांधतं, कुणी एखाद्या बाबाला गाठतं. या सगळ्याला इस्लाममध्ये कितपत आधार आहे?

जादू खरी मानतात का?

जादूला अरबीत 'सिहर' म्हणतात. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत (आयत १०२) बाबिल शहरातल्या हारूत आणि मारूत यांच्या संदर्भात जादूचा उल्लेख येतो. जादू शिकणारे अल्लाहच्या मर्जीशिवाय कुणालाही इजा करू शकत नाहीत, असंही तिथे म्हटलं आहे. बहुतेक सुन्नी विद्वान सिहरचा परिणाम होतो असं मानतात. मुअतझिला पंथाच्या विचारवंतांनी मात्र तो निव्वळ भ्रम ठरवला होता.

जादू करणं हराम आहे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. हदीसमध्ये सात महापापांच्या यादीत शिर्कनंतर लगेच सिहर येतो. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणा केली तर ४० दिवसांची नमाज कबूल होत नाही, अशीही हदीस आहे.

संरक्षणासाठी काय करतात?

- सूरह फलक (११३) आणि सूरह नास (११४) : ५ आणि ६ आयतींच्या या छोट्या सूरा सकाळ-संध्याकाळ आणि झोपताना पढल्या जातात.
- आयतुल कुर्सी : दुसऱ्या सूरेतली २५५वी आयत.
- रुकया : कुराण पढून फुंकर घालणं. आपल्याकडे याला 'दम करणे' म्हणतात. शब्द कुराणातले किंवा समजणारे असावेत आणि बरं करणारा अल्लाहच आहे ही श्रद्धा असावी, अशा त्याच्या अटी आहेत.

यातलं काहीही माणूस स्वतः घरी करू शकतो. त्यासाठी पैसे मोजून मध्यस्थ गाठण्याची गरज नाही.

ताईत चालतो का?

इथे मतभेद आहेत. अहले हदीस विचाराचे लोक ताईत नाकारतात. बरेलवी आणि अनेक देवबंदी उलेमा कुराणाची आयत लिहिलेल्या ताईताला अटींसह परवानगी देतात. रक्त किंवा जनावराचे अवयव वापरलेले तोडगे मात्र दोघांनाही अमान्य आहेत.

कायदा काय म्हणतो?

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो सर्व धर्मांना लागू आहे. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, अमक्यानेच करणी केली असं सांगून त्याचं जगणं मुश्कील करणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

प्रार्थनेला या कायद्याने बंदी नाही. घरी, मंदिरात किंवा दर्ग्यात केलेले, कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारे विधी त्यातून वगळले आहेत. म्हणजे धाराशिवच्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी दर्ग्यात जाऊन दुआ मागायला कोणतीही आडकाठी नाही.

लक्षात ठेवा

'करणी तुमच्या जावेनं केली' किंवा 'शेजारणीनं केली' असं नाव घेणारा माणूस घर फोडतो. औषध बंद करा म्हणणारा जीव घेऊ शकतो. औषधोपचार घ्या, असं हदीसही सांगते. झोप उडणं, भास होणं, सतत भीती वाटणं ही मानसिक आजाराची लक्षणं असू शकतात. अशा वेळी सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. दुआ आणि दवा दोन्ही सोबत चालू शकतात.