खाचेतल्या गर्जनेचं गणित

जेट बॉम्बफेकी विमानानं भरवेगात पोटाची दारं उघडली, की रिकाम्या कप्प्यात हवा गर्जायला लागते. ध्वनीच्या वेगाजवळ हा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. तो कानाला ऐकू येतो म्हणून नव्हे, तर पत्र्याचे जोड आणि टांगलेल्या अस्त्रांतली नाजूक उपकरणं खिळखिळी करतो म्हणून अभियंत्यांच्या डोक्याला ताप झाला.

१९५५ साली अमेरिकेतल्या ‘नाका’ या विमानविद्या समितीनं अशा कप्प्यांसारख्या खाचांवरचे कॅलटेकमधले दोन अहवाल लागोपाठच्या क्रमांकांनी छापले. एक अनातोल रॉश्को यांचा, दुसरा के. कृष्णमूर्ती यांचा. हे भारतातून गेलेले कृष्णमूर्ती करमचेती, पुढे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. छोट्याशा चौकोनी खाचेतून उठणाऱ्या ध्वनिलहरींची त्यांनी चक्क छायाचित्रं घेतली.

या गर्जनेचं कारण नीट मांडलं ते इंग्लंडच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या जे. ई. रॉसिटर यांनी, १९६४ मध्ये. खाचेच्या पुढच्या कडेवरून सुटलेली हवा भोवरे वळत मागच्या भिंतीवर आदळते. त्या आदळण्यातून दाबाची लाट निघते, खाचेतूनच उलटी पुढे येते आणि कडेवरच्या हवेला हिसका देते. हिसक्यातून नवा भोवरा. बासरीतही फुंकर कडेवर आदळूनच सूर धरते. रॉसिटर यांनी या फेऱ्याचं ओळभर सूत्र केलं. त्यातले ०.२५ आणि ०.५७ हे दोन आकडे मात्र सिद्धांतातून आले नव्हते. विंड टनेलमधल्या मोजमापांशी जुळवून घेतले होते. सूत्र सूर कोणते ते सांगतं, त्यांचा जोर किती ते सांगत नाही. आणि विमान बांधणाऱ्याला हवा असतो जोर.

म्हणून संगणक. १९८० मध्ये हँकी आणि शँग यांनी प्रवाहाची मूळ समीकरणं द्विमितीत सोडवून खाचेतली आंदोलनं पडद्यावर आणली. पण सपाट गणित फसवं. लांबट खाचेत ते कधीकधी अख्ख्या पोकळीएवढा भोवरा बाहेर फेकतं, जो प्रयोगशाळेत सहसा दिसत नाही. त्रिमितीत गेलं तर वेगळीच पंचाईत: हवेच्या खळबळीची सरासरी काढणारी सूत्रं इतका चिकटपणा घुसडतात, की भोवरेच विझतात. माझ्या मते खरी अडचण संगणकाच्या ताकदीइतकीच या सरासरीच्या सवयीची होती. १९९७ मध्ये फिलिप स्पालार्ट आणि सहकाऱ्यांनी तोडगा सुचवला: भिंतीलगत सरासरी, मोकळ्या हवेत मोठे भोवरे थेट गणितानं सोडवायचे.

कसोटीला खाच आली ब्रिटिशांचीच, एम२१९: लांबी २० इंच, रुंदी-खोली ४-४ इंच, वेग ध्वनीच्या ०.८५ पट, तळाशी दाबमापकांची रांग. २००४ मध्ये फ्रान्समधल्या लार्शवेक, सागो प्रभृतींनी मोठे भोवरे असे थेट सोडवून तिचे सूर जोरासकट बऱ्यापैकी गाठले. आजही नवा प्रोग्रॅम बहुधा याच खाचेवर पारखला जातो, आणि निकालाच्या आलेखावर रॉसिटरच्या सुरांच्या उभ्या रेघा ताडून पाहायला ओढलेल्या असतात.