पदार्थांचे स्वयंसंधान आणि भंडारदऱ्याचा चुना

तडा गेल्यावर तो आपण होऊन सांधणारा पदार्थ ही अलीकडच्या रसायनशास्त्राची निर्मिती होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. मोबाइल फोनच्या पडद्यासाठी अशा पदार्थांचा शोध सुरू झाल्यापासून तो अधिकच दृढ झाला. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) जुन्या बांधकामांचा विचार केल्यास मात्र हा समज टिकत नाही. स्वयंसंधानाचा गुण येथील चुन्यात पूर्वापार होता. आणि त्या गुणाची मर्यादाही ह्याच जिल्ह्यात दिसून आली.

निजामशाहीतील फराहबाग किंवा शाहडोंगरावरील सलाबतखानाचा मकबरा ह्या वास्तू चुन्याच्या आहेत, सिमेंटच्या नव्हेत. घाणीत मळलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो. जेथे हवा पोचत नाही तेथे मोकळा चुना शिल्लक राहतो. बारीक चीर पडून तीत पाणी शिरले की हा चुना विरघळतो. पाण्यातील कर्बवायूशी त्याचा संयोग होतो आणि चिरेत चुनखडीचे स्फटिक धरतात. चीर केसाएवढी असेल तर ती अशा रीतीने बुजते. भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात ते ह्याच क्रियेचे बाह्य चिन्ह होय.

हवेपासून दूर असा चुन्याचा साठा फार मोठ्या प्रमाणावर असतो तो धरणाच्या गाभ्यात. अकोले तालुक्यातील प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण चुन्यातील दगडी बांधकामाचे आहे. त्याचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले, आणि मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांचे नाव त्यास देण्यात आले. उंची सुमारे ८२ मीटर असल्यामुळे तळाशी पाण्याचा दाब मोठा असतो. अशा ठिकाणी एकच क्रिया दोन परस्परविरोधी कामे करते. पाणी मंद झिरपते तेव्हा चुना चिरेत साठून ती बुजवितो. वेगाने वाहते तेव्हा तोच चुना बाहेर वाहून जातो. सामान्य तापमानास एक लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम चुना विरघळतो. हे प्रमाण अल्प वाटले तरी अखंड गळतीत दरवर्षी त्याची भर पडत राहते. म्हणून गळती थांबली की नाही, एवढे पाहून भागत नाही. बाहेर आलेल्या पाण्यातून किती चुना गेला, हेही पाहावे लागते.

१९६९ मध्ये ह्या धरणास तडे गेले व मोठी गळती सुरू झाली. पाण्याच्या भाराने उघडणारी भेग चुन्याच्या स्फटिकांनी सांधली जाणे शक्य नव्हते. अखेर खालच्या अंगास टेकूभिंती बांधून धरण बळकट करावे लागले. पदार्थाची स्वतःची दुरुस्ती जेथे संपते तेथे माणसाची सुरू होते, ही गोष्ट ह्या प्रसंगाने स्पष्ट झाली.

आधुनिक प्रयोगांतही हीच अट आढळते. टोकियो विद्यापीठात ताकुझो आयदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असे एक कठीण, काचेसारखे बहुवारिक प्रसिद्ध केले की, तुटलेली तोंडे सामान्य तापमानास दाबून धरली असता त्याचे रेणू हायड्रोजन-बंधांनी पुन्हा जोडले जातात. २०२१ मध्ये कोलकात्याच्या आयसर संस्थेतील व खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी जे स्फटिक दाखविले, त्यांचे तुकडे विद्युत्प्रभाराच्या आकर्षणाने एकत्र येतात. चुना, बहुवारिक व स्फटिक ह्या तिन्हींत सांधण्यासाठी काहीतरी हलावे लागते, आणि तुटलेली तोंडे जवळ असावी लागतात. पडद्याची अडचण नेमकी येथेच आहे. ओरखडा न पडावा म्हणून तो कठीण हवा. परंतु कठीण पदार्थात रेणू सहजी हलत नाहीत.

स्वयंसंधान म्हणजे अक्षयत्व नव्हे. तो एक मर्यादित साठा आहे, आणि दर वेळी त्यातून काही खर्च होते. भंडारदऱ्याच्या इतिहासाचा हा अर्थ ध्यानात ठेवला, तर नव्या पदार्थांची परीक्षा करताना पहिला प्रश्न ‘हा सांधतो का?’ एवढाच राहणार नाही. ‘किती वेळा, आणि कशाच्या मोबदल्यात?’ हाही विचारावा लागेल.