पान, हिरड्या आणि मिजाज : जुना वैद्यकीय दावा कसा वाचायचा?

‘दातांचे आजार आणि मिजाज’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात, तर आधी एक प्रश्न विचारा : मिजाज कोणाचा? माणसाचा, अवयवाचा की औषधाचा? फारसी-युनानी वैद्यकात तिघांनाही मिजाज असतो. इथे घोळ झाला की पुढचं सगळं विश्लेषण घसरतं.

अरबीत मिजाज म्हणजे मिश्रण. इथे उष्ण, थंड, ओला आणि कोरडा या गुणांचं. हाच शब्द मराठीत आला आणि त्याची ‘मिजास’ झाली. आपली ‘तब्येत’सुद्धा याच वैद्यकातली.

११व्या शतकात इब्न सीनाने ‘अल-कानून’ पूर्ण केला. त्याच्या तिसऱ्या भागात तोंड-जीभ, दात आणि हिरड्या-ओठ अशी वेगवेगळी प्रकरणं आहेत. या वैद्यकाच्या हिशेबात हाड थंड-कोरडं, तर मांस उष्ण-ओलं. म्हणजे एकाच माणसाच्या तोंडात दाताचा मिजाज वेगळा आणि हिरडीचा वेगळा. हिरडी सैल पडली की हकीम बघणार, ओलावा वाढलाय का? वाढला असेल तर उपाय कोरडेपणा आणणारा.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. बगदादचा अल-मसूदी इ. स. ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. पान-सुपारी-चुन्याबद्दल तो लिहितो की त्याने हिरड्या मजबूत होतात, तोंडाला चांगला वास येतो आणि अपायकारक ओलावा कमी होतो. मसूदी हकीम नव्हता, प्रवासी इतिहासकार होता. तरी भाषा मिजाजाचीच. पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात ये-जा असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हाही पानाच्या मिजाजाची चर्चा करतो. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘बघा, जुने लोक सांगूनच गेलेत!’ नागपुरात, जिथे चौकाचौकात खर्रा घोटला जातो, तिथे हे वाक्य महागात पडू शकतं. एक तर मसूदीच्या विड्यात तंबाखू असणं शक्यच नव्हतं; ती अमेरिकेतून आली, १४९२ नंतर. पण ‘तंबाखू नाही म्हणजे चालतं’ हेही खोटं. नुसत्या सुपारीनेही तोंड उघडेनासं होतं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. मसूदीचं वाक्य ओलाव्याच्या सिद्धांतातून आलंय. त्या काळात लोक पानाकडे कसं बघायचे, याचा तो पुरावा आहे. पानाच्या सुरक्षिततेचा नाही. तसंच त्याला ‘अडाणी’ म्हणून उडवून लावलं, तरी इतिहास हातचा जातो.

म्हणून नोट्स काढताना प्रत्येक दाव्यापुढे तीन रकाने आखा : मिजाज कोणाचा, बिघडलेला गुण कोणता, आणि उपाय त्याच्या उलट गुणाचा आहे का? हल्ली काही अभ्यासांत प्रश्नावली भरून माणसाचा मिजाज ठरवतात आणि तो किडलेल्या दातांच्या संख्येशी ताडून पाहतात. संबंध सापडला, तरी त्यात माणसाचाच मिजाज मोजलेला असतो. हिरडी आणि पान बाहेरच राहतात. तुमच्या प्रबंधाला जागा तिथेच आहे.