वाण्याचें दप्तर : पिंपळे सौदागर येथील एका बंद दुकानाच्या निमित्तानें

पुणें शहराच्या वायव्येस, पवनेच्या कांठीं पिंपळे सौदागर हें गांव आहे. पिंपळे गुरव, पिंपळे निलख व पिंपळे सौदागर अशीं एकाच नांवाचीं तीन गांवें जवळजवळ असून उपपदावरून तीं ओळखलीं जातात. 'सौदागर' हा शब्द जुन्या कागदांशीं परिचय असणारास नवा नाहीं. घोडे, शाली, जवाहीर असा दूरदेशींचा माल घेऊन हिंडणारा मोठा व्यापारी तो सौदागर. गांवांत बैठक घालून मीठमिरची विकणारास तो शब्द लागत नाहीं. ग्रामनामाच्या व्युत्पत्तीच्या भरीस आम्ही येथें पडत नाहीं. ज्या गांवाच्या नांवांतच व्यापारी बसला आहे, त्या गांवच्या गांवठाणांतील एक जुनें किराणा दुकान अलीकडे बंद झालें व त्याचें राहिलेंसाहिलें दप्तर आमच्या दृष्टीस पडलें, एवढ्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

या टापूंतील चाकणचें नांव संशोधकांस फिरंगोजी नरसाळ्यामुळें व १६६० च्या वेढ्यामुळें ठाऊक असतें, आणि चिंचवडचें मोरया गोसाव्यांमुळें. पिंपळे सौदागरास अशी प्रसिद्धि नाहीं. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. मागाहून आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथें कारखान्यांची रांग लागली. १९८२ सालीं महानगरपालिका झाली. आणि गेल्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीस संगणकाचा उद्योग आल्यावर नदीकांठचीं शेतें पाहतां पाहतां बहुमजली इमारतींखालीं गेलीं. गांवठाण म्हणून जें राहिलें आहे तें या इमारतींच्या मधोमध, आंतून चालत गेल्याशिवाय लक्षांत येत नाहीं.

हल्लीं जुन्या गांवाविषयीं हळहळण्याची एक चाल पडली आहे. लिमलेटच्या गोळ्यांच्या कांचेच्या बरण्या, तासाच्या भाड्यानें मिळणारी सायकल, दोरीवर चिमट्यांनीं टांगलेला चांदोबा, न्हाव्याच्या दुकानांतील नटनट्यांचीं चित्रें, कॅसेटवाल्याच्या दारांतला कर्णा, यांच्या आठवणी निघाल्या म्हणजे मंडळी गहिंवरून येतात. ही हळहळ खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आम्हीहि याच पट्ट्यांत वाढलों असून बोरकुटाच्या पुडीची चव आमच्या जिभेवरून अद्याप गेलेली नाहीं. तथापि हळहळणाऱ्यांपैकीं कोणी त्या बरणीवरचें लेबल जपून ठेवलें आहे काय, असें विचारलें असतां उत्तर येत नाहीं. स्मरण माणसाबरोबर जातें. कागद ठेवला तर राहतो.

वर उल्लेखिलेल्या दुकानाची हकीकत अशी. मालक वारले, मुलगा दुसऱ्या गांवीं नोकरीस, जागा नव्या बांधकामांत जावयाची ठरलेली. आम्ही गेलों तेव्हां त्या घरच्या वृद्ध बाई ओट्यावर बसून वह्यांचे गठ्ठे सुतळीनें बांधीत होत्या. आम्हीं हेतु सांगतांच त्या म्हणाल्या, "अहो, न्या कीं! नाहीं तर दुपारीं रद्दीवाला यायचाच आहे. त्यांत काय आहे पण? नुसती लोकांची उधारी." दोन गोणपाटें भरतील इतका तो ऐवज होता : लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या, तारेंत ओंवलेल्या पावत्या, भिंतीवरचीं जुनीं कॅलेंडरें, व एका पत्र्याच्या डब्यांत चिठ्ठ्याचपाट्या.

'नुसती उधारी' हा शब्द आम्हांस विशेष लागला. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढणाऱ्या वि. का. राजवाड्यांनीं गांवोगांवच्या माळ्यांवरून कागद गोळा केले, तेव्हां त्यांसहि घरोघर हेंच ऐकावें लागलें असेल. नुसते जुने कागद, त्यांत काय आहे? त्या काळीं सरदार-इनामदारांचीं दप्तरें वजनावर विकलीं जाऊन वाण्याच्या पुड्यांस लागत. आज चक्र उलट फिरलें आहे. त्या दप्तरांतून जें वांचलें तें कपाटांत सुरक्षित आहे, आणि पुड्या बांधणाऱ्या वाण्याचें स्वतःचें दप्तर पुड्यांकडे निघालें आहे.

या वह्यांची परीक्षा कशी करावी याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण संग्राहकांस तें उपयोगी पडेल. कित्येक वह्यांचीं पहिलीं पानें गेलेलीं असल्यामुळें साल मिळत नाहीं. परंतु आंतील आंकडे स्वतःच साल सांगतात. रुपये-आणे-पै असतील तर लिखाण साधारणतः १ एप्रिल १९५७ च्या पूर्वींचें; कारण त्या दिवसापासून शंभर नये पैशांचा रुपया झाला. 'न. पै.' असें असेल तर १९५७ व १९६४ यांच्या दरम्यानचें. १ जून १९६४ पासून त्यांतील 'नये' गळालें. मात्र ही कसोटी डोळे मिटून लावूं नये. आमच्या समोरील वहींत साखर नव्या पैशांत मांडलेली असून त्याच पानावर तंबाखू आण्यांत आहे. पावलीस एक उभी रेघ व अधेलीस दोन, ही जुनी मांडणी तर दुकानदारानें पुढें पुष्कळ वर्षें सोडलेली दिसत नाहीं. मापांचेंहि तसेंच. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ चा, त्याचा अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें झाला. पण वहींत किलोच्या शेजारीं पायली, शेर, चिपटें हीं सुखानें नांदतात. कायदा राजपत्रांत एका दिवसांत होतो, तो वाण्याच्या बोटांत उतरावयास किती काळ लागतो हें राजपत्रांत सांपडत नाहीं.

लिपीसंबंधीं असें कीं, सर्वांत जुन्या दोन वह्या मोडींत आहेत. शाळांतून मोडी गेली तरी तिचा मुक्काम पेढीवर कांहीं काळ राहिला. पुढें अक्षर बदलतें, बाळबोध येतें. हा मुलाचा हात असावा. नवी वही दिवाळींत लक्ष्मीपूजनास घालण्याची रीत अखेरपर्यंत दिसते, जरी १९८९-९० च्या आकारणीपासून आयकराकरितां सर्वांस एप्रिल-मार्च हेंच वर्ष धरावें लागलें. अर्थात् या दुकानास आयकर कसचा!

छापील कागदांस आणखीहि खुणा असतात. पत्त्यांत पिनकोड असल्यास तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पिंपळे सौदागरास ४११०२७ हा अंक लागतो. दोन गोष्टींनीं तर आम्ही चकित झालों. पेशवेकालीन कागदांत ज्या जकातीशीं आमची रोजची गांठ पडते, त्याच नांवाच्या पावत्या तारेंत ओंवलेल्या निघाल्या. पिंपरी-चिंचवडच्या नाक्यांवर जकात १ एप्रिल २०१३ रोजीं बंद झाली. तोंवर हा शब्द व हा व्यवहार जिवंत होता. नाके उठले तेव्हां त्या पावत्या कोणीं राखल्या? आमच्यापैकीं कोणींहि नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. दुसरी गोष्ट कॅलेंडरांची. तारखेच्या चौकटींत शाईनें फुल्या व अंक आहेत. हा दुधाचा हिशेब. ज्या दिवशीं दूध आलें नाहीं त्या दिवशीं फुली. १९७३ सालीं 'कालनिर्णय' निघाल्यापासून घरोघरच्या बायकांनीं भिंतीवर जो रोजनामा लिहिला, तो वर्षाखेरीस पुस्तकांस कव्हर घालण्यांत संपला.

आतां उधारीकडे वळूं. कारखान्यांच्या वस्तींतील खातेवहीस एक ठराविक लय असते. १९३६ च्या वेतन-कायद्यान्वयें हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणीं पगार महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आंत व इतर ठिकाणीं दहाव्याच्या आंत द्यावा लागे. वहींतील जमा पाहतां ती सात तारखेनंतर एकदां उसळते व दहानंतर पुन्हा. शेतकरी खातेदारांची जमा मात्र सुगीस. एकाच वहींत दोन कालगणना चालू आहेत, आणि पुढील वह्यांतून सुगीची गणना क्षीण होत जाऊन पगाराची बळावते. एक गांव शेतीवरून कारखान्यावर कसें गेलें याचा याहून स्वच्छ पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं. शासकीय गॅझेटियरांत फार तर बेरीज मिळेल. अमुक घरानें अमुक वर्षीं जोंधळ्याऐवजीं गहूं उधार नेण्यास आरंभ केला, हें येथेंच मिळतें.

१९८९ सालचा टेल्कोचा संप पुष्कळांस आठवत असेल. कामगारांनीं शनिवारवाड्यावर उपोषण मांडलें. वृत्तपत्रांत त्याच्या हकीकती आहेत, पुढाऱ्यांचीं भाषणें आहेत. परंतु पगार थांबलेला असतां चुली कोणाच्या भरंवशावर पेटल्या, हें कोठें लिहिलें आहे? तें वाण्याच्या वहींत असतें. कोणाचें खातें किती चढलें, कोणाचें दुकानदारानें तोडलें, कोणाचें तोडलें नाहीं, हा त्या संपाचा अर्धा इतिहास आहे असें आमचें मत आहे.

पत्र्याच्या डब्याविषयीं सांगावयाचें राहिलें. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत या दुकानाच्या एका अंगास मुलानें कॅसेटचा धंदा थाटला होता. कोरी कॅसेट द्यावी, हव्या त्या गाण्यांची यादी द्यावी, आणि दोन दिवसांनीं भरलेली कॅसेट न्यावी, अशी वहिवाट होती. ती कायद्यानें चोरीच. पण डब्यांत त्या याद्या आहेत. एकाच चिठ्ठींत प्रल्हाद शिंद्यांचीं भक्तिगीतें, खालीं दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या' (१९७१) मधील गाणीं, मग हिंदी चित्रपटांतील, आणि शेवटीं 'जागा उरल्यास गोंधळ'. अक्षर कष्टानें काढलेलें. पीटर मॅन्युएल यांनीं १९९३ सालीं उत्तर हिंदुस्थानांतील कॅसेटच्या व्यवहारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठी मुलखाविषयीं तसा ग्रंथ कोणीं लिहूं म्हटलें तर त्यास आधार अशा चिठ्ठ्यांचाच. किती लोकांनीं काय विकत घेतलें हें कंपन्या सांगतील; काय ऐकावेंसें वाटलें व कोणत्या क्रमानें, हें चिठ्ठी सांगते.

कॅलेंडरांवरील लक्ष्मी व शेषशायी यांचीं चित्रें पाहून नाक मुरडणारे रसिक आमच्यांतहि आहेत. त्यांस इतकेंच स्मरण देतों कीं, १८९४ सालीं मुंबईस निघालेला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेला रविवर्म्याचा छापखाना, ज्याचीं चित्रें आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात, त्यानेंहि असल्याच स्वस्त तसबिरी काढल्या. १९७२ च्या आगींत तो जळाला, त्यापूर्वीं तेथील शिळा व कागद यांकडे किती विद्वानांनीं लक्ष दिलें? दिनकर केळकर १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, फण्या गोळा करूं लागले. पुढें तो संग्रह शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे गेला आणि आज परदेशचे लोक तो पाहावयास येतात. अडकित्त्यास जो न्याय मिळाला तो सुपारीच्या पुडीवरच्या छापास मिळूं नये, याचें कारण पुडी कालची आहे, याहून दुसरें आम्हांस दिसत नाहीं.

दुकानें नष्ट झालीं तरी नांवें कधीं कधीं राहतात, हा युक्तिवाद कोणी करील. तो खरा आहे. पुण्यांत जिलब्या मारुति व पासोड्या विठोबा आहेत. जिलब्या व पासोड्या केव्हांच गेल्या. तपकीर गल्लींत आतां विजेचें सामान मिळतें. पिंपळे सौदागराच्या शिवेवर 'जगताप डेअरी' हें नांव चौकास पडलें असून बस-थांब्यावर तें पाटी लावून लिहिलेलें आहे. तेथें उतरणारांपैकीं कितीजण दुधासाठीं उतरतात? पण नांवावरून दुकान होतें एवढेंच कळतें. त्यांत काय विकलें, कोणास व कोणत्या भावानें, हें कळत नाहीं.

एक अडचण मात्र खरी आहे. उधारीच्या वहींतील घरें अद्याप त्याच गांवांत नांदतात. अठराव्या शतकांतील सरदाराचें कर्ज आपण बेधडक छापतों, कारण त्याचा नातू भांडावयास येत नाहीं. येथें तसें करणें शोभणार नाहीं. म्हणून या वह्यांची सूची करतांना खातेदारांचीं नांवें गाळून केवळ व्यवसाय व वस्ती नोंदण्याचें आम्हीं ठरविलें आहे. मूळ वह्या पन्नास वर्षेंपर्यंत कोणास दाखवूं नयेत, असें त्या बाईंच्या मुलानें सुचविलें व तें आम्हांस मान्य आहे. चिठ्ठ्या, पावत्या व कॅलेंडरें यांस ही अट नाहीं.

वह्या सालवार लावून पाहिल्या तेव्हां त्यांत १९८८ ते १९९० या सालांच्या नसल्याचें आढळलें. संपाचें वर्ष त्यांतच येतें. आम्ही पुन्हा जाऊन विचारलें. बाईंनीं थोडा विचार करून सांगितलें, "त्या वह्या जाड कागदाच्या होत्या हो. मागच्या दिवाळीला कोपऱ्यावरच्या भेळवाल्यानं मागितल्या, दिल्या." भेळवाला अजून त्याच कोपऱ्यावर उभा असतो. आम्ही त्याच्याकडे गेलों. त्यानें गाडीखालचा खोका उपसून दाखविला, पण त्यांत आतां एका इंग्रजी शाळेच्या उत्तरपत्रिका होत्या.