सदोष माल परतीचा खर्च

सदोष माल परतीचा खर्च : छोट्या व्यावसायिकांमधल्या खरेदीत माल फुटका, बिघडलेला किंवा ठरल्यापेक्षा वेगळा निघाला, तर तो परत पाठवण्याचे भाडे, हमाली आणि विक्रेत्याने लावलेली कपात कोणी सोसायची, यावरून होणारा वाद. दोन्ही बाजू धंदेवाल्या असल्याने ग्राहक कायद्याचे छत्र येथे सहसा मिळत नाही.

पुणे-नाशिक महामार्गावरचे संगमनेर टोमॅटो, दूध आणि विडीसाठी ओळखले जाते. येथे घडू शकेल असा एक नमुना घेऊ. टोमॅटोच्या हंगामापूर्वी एका दुकानदाराने परगावच्या कारखान्यातून हजार प्लास्टिक क्रेट मागवले आणि त्यांतल्या दीडशेंच्या कडा तडकलेल्या निघाल्या. कारखानदार म्हणतो, ‘माल पाठवून द्या, बघू.’ पण जाण्याचे भाडे दुकानदाराचे, उतरवण्याची हमाली त्याचीच, वर किमतीत दहा टक्के कपात. हलक्या आणि जागा खाणाऱ्या मालात भाड्याचा आकडा मालाच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. मग दुकानदार गप्प बसतो किंवा बिलातून परस्पर पैसे कापतो, आणि वादाला तोंड फुटते.

याचे उत्तर वस्तू विक्री अधिनियम, १९३० मध्ये आहे आणि ते खरेदीदाराच्या बाजूचे आहे. कलम ४३ प्रमाणे, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या खरेदीदाराने तो नाकारला, तर परत पाठवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. नकार कळवला की पुरे. म्हणजे कारखानदाराने आपली गाडी पाठवून माल उचलावा. अडचण या कलमाच्या सुरुवातीच्या अटीत आहे : ‘अन्यथा करार नसेल तर’. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ‘परतीचे भाडे खरेदीदाराकडे’ अशा ओळी ऑर्डर देतानाच्या कोटेशनवर असतील, तर त्या कराराचा भाग ठरू शकतात. व्यवहार पुरा झाल्यावर आलेल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ मात्र खरेदीदाराने कधी मान्य केली, हे विक्रेत्याला दाखवावे लागते. कपातीचेही तसेच. चांगला माल मन बदलले म्हणून परत आला, तर ती समजण्यासारखी आहे. सदोष मालावर ती लावणे म्हणजे आपल्या चुकीचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणे.

नकाराचा हक्क फार दिवस टिकत नाही. कलम ४१ माल तपासण्याची वाजवी संधी देते. पण कलम ४२ नुसार, वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला किंवा मालकासारखा वापरला, तर तो स्वीकारल्याचे धरतात. तडकलेले क्रेट शेतकऱ्यांना विकले की नकाराचा दरवाजा बंद. पुढे कलम ५९ खाली किमतीतून वजावट किंवा नुकसानभरपाई, एवढेच उरते. माल वाटेत फुटला असेल तर तिसरा पक्ष येतो : ट्रान्सपोर्टवाला. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार, त्याच्यावर दावा लावण्यापूर्वी आणि माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून माल उतरवून घेतानाच पोचपावतीवर शेरा मारलेला बरा.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो, पण ते दार सहसा बंद असते. महाराष्ट्रात लघुउद्योग म्हणून नोंदलेल्या ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’ने १९९० मध्ये कोइंबतूरच्या पीएसजी संस्थेकडे यंत्राची मागणी नोंदवली, यंत्र उशिरा आणि सदोष आले, अशी तक्रार होती. राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती रद्द केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खरेदी व्यापारी हेतूची ठरवून अपील फेटाळले. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूच्या या अपवादातून सुटते. पुनर्विक्रीचा माल सुटत नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ हा मुख्यतः पैसे थकलेल्या पुरवठादाराच्या हाती दिलेला कायदा. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते आणि देयकाची मुदत, जास्तीत जास्त ४५ दिवस, धावू लागते. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. फोनवर घातलेला वाद या हिशेबात धरत नाहीत; फोटोसह ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश लेखी म्हणून पुढे करता येतो. या कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या परिषदेपुढे पुरवठादाराने दावा लावला, तर खरेदीदार प्रतिदावा मांडू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात २०२१ मध्ये सांगितले. घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ पासून अशा उपक्रमांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण लाभ प्राधान्यक्षेत्र कर्जापुरताच.

नाकारलेल्या मालाचा भुर्दंड कोणावर, हा प्रश्न संगमनेरला नवा नाही. घरोघरी वळलेल्या विड्यांतून ‘छाट’, म्हणजे नापसंत विड्या, काढली जाई, तेव्हा कामगार आणि कारखानदार यांच्यात हाच वाद होता. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने त्यासाठी झटपट निवाड्याची स्वतंत्र सोय केली. बाजार समितीतही शेतमालाची प्रत, वजन, पैसे यांवरच्या तंट्यांसाठी उपसमिती असते. क्रेट, मोटारी, सुटे भाग यांच्या व्यापाऱ्यांसाठी असे काहीच नाही, ही उणीव ठळक आहे. त्यांना दिवाणी न्यायालय किंवा लोकअदालत. आणि तीन लाख वा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी तंट्यात, तातडीचा आदेश नको असेल तर, दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची.

प्रत्यक्षात अनेक वाद क्रेडिट नोटवर मिटतात : विक्रेता सदोष मालाची किंमत पुढच्या बिलात वळती करतो, भाडे निम्मे-निम्मे होते. जीएसटीतला कर कमी करून घ्यायचा असेल, तर ही नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी घडेल तोवर, दाखवावी लागते.